सहा सेकंद आणि पंचवीस वर्षे

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र. भारतात सव्वाअकरा वाजून गेले होते आणि स्वातंत्र्यदिन सुरू व्हायला पाऊण तासही उरला नव्हता. एरवी या वेळेला निजलेली कितीतरी घरे त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर जागी होती. रिओ द जानेरोच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या व्हॉल्टची अंतिम फेरी सुरू झाली होती आणि आठ स्पर्धकांमध्ये आगरतळ्याची २३ वर्षांची दीपा कर्माकर होती. १९६४ नंतर ऑलिंपिकमध्ये पोचलेली ती पहिली भारतीय जिमनॅस्ट. महिलांमध्ये तर तिच्या आधी आपल्याकडून कोणी गेलेच नव्हते.

दीपाला सरासरी १५.०६६ गुण मिळाले आणि ती चौथी आली. तिसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया स्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६. फरक ०.१५ चा. दुसऱ्या दिवशी ध्वजवंदनानंतरच्या चहाच्या वेळी आमच्या संस्थेत हाच आकडा प्रत्येकाच्या तोंडी होता.

पुढे काही दिवसांनी एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असताना एका शिक्षिकेने आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी जिमनॅस्टिक्सला जात असे. त्या वर्षी तिची उंची झपाट्याने वाढू लागली होती आणि कालपर्यंत सहज जमणाऱ्या उड्या अचानक चुकू लागल्या होत्या. घरचे म्हणत होते, "आता हिचे वय गेले, सोडून दे." बाईंचा प्रश्न होता, "हे शास्त्राला धरून आहे का?" बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे वय 'गेले' असे म्हणायला शास्त्राचा आधार आहे का, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून सोडत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी उडी समजून घ्यावी लागेल आणि मग उडी मारणारे शरीर. दोन्हींसाठी दीपाच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण आपल्याला जवळपास मिळणार नाही.

मुद्दाम लागलेली ठेच

व्हॉल्टमध्ये खेळाडू जास्तीत जास्त २५ मीटर धावत येते, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटते, पुढे झेपावून सव्वा मीटर उंचीच्या टेबलावर हात टेकते, हातांनी स्वतःला ढकलून हवेत उंच जाते आणि कोलांट्या घेऊन पलीकडच्या गादीवर उतरते. धावण्याला साधारण चार सेकंद आणि पुढच्या सगळ्याला दोन. सहा सेकंदांत खेळ संपतो.

या सहा सेकंदांत दोन कामे व्हायला हवीत. पुढे जाण्याच्या वेगाचा काही भाग वर जाण्याकडे वळायला हवा, आणि शरीराला गिरकी मिळायला हवी. गिरकी कोठून येते? रस्त्याने घाईने चालताना दगडाची ठेच लागली की पाय थांबतो, पण वरचे अंग पुढेच जात राहते आणि आपण कोलमडतो. व्हॉल्टमधली गिरकी म्हणजे अशीच, पण मुद्दाम लावून घेतलेली ठेच. स्प्रिंगबोर्डवर पाय क्षणभर अडतात आणि धड पायांवरून पुढे फिरू लागते. टेबलावर हात अडतात आणि पुन्हा तेच होते. बोर्डवर पाय टेकलेले असतात ते सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरते. जे काही मिळवायचे ते एवढ्याच वेळात.

कारण हात टेबलावरून सुटले की हिशोब बंद होतो. हवेत धरायला काही नाही, रेटायला काही नाही. टेबल सोडताना शरीराला जेवढा कोनीय संवेग मिळाला असेल तेवढाच उतरेपर्यंत राहतो. तो वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. खेळाडूच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शरीराचा आकार बदलणे.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एका विद्यार्थ्याला फिरत्या खुर्चीवर बसवा, दोन्ही हातांत एकेक जाड पुस्तक द्या, हात पसरायला सांगा आणि खुर्ची हळूच फिरवा. आता त्याला पुस्तके छातीशी घ्यायला सांगा. खुर्ची एकदम जोरात फिरू लागेल. हात पुन्हा पसरले की मंदावेल. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितका फिरण्याला होणारा विरोध जास्त. या विरोधालाच जडत्व आघूर्ण म्हणतात. कोनीय संवेग ठरलेला असल्याने विरोध कमी झाला की गिरकीचा वेग वाढतो. सरळ ताठ शरीराचे जडत्व आघूर्ण गुडघे छातीशी घट्ट ओढून घेतलेल्या शरीराच्या सुमारे तीन ते चार पट असते. कोलांटी घेताना खेळाडू स्वतःचे गाठोडे का करते, ते यावरून लक्षात येईल.

प्रोदुनोवा

दीपाने रिओमध्ये दोन उड्या मारल्या. त्यांतली दुसरी होती 'प्रोदुनोवा'. रशियाच्या येलेना प्रोदुनोवा हिने १९९९ मध्ये ती पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली म्हणून तिचे नाव उडीला मिळाले. योगायोग असा की आगरतळ्यात सहा वर्षांच्या दीपाने जिमनॅस्टिक्सचे पहिले धडे गिरवले तेही साधारण त्याच सुमारास. प्रोदुनोवानंतर ही उडी स्पर्धेत करणाऱ्या महिला मोजक्याच झाल्या. इजिप्तची फदवा महमूद आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाची यामिलेत पेन्या या त्यांतल्या दोघी.

या उडीत टेबलावरून हात सुटतात तेव्हा डोके खाली आणि पाय वर असतात. तेथून पायांवर यायलाच अर्धी फेरी लागते. त्यावर पुढच्या दिशेने दोन पूर्ण कोलांट्या, म्हणजे एकूण अडीच फेऱ्या. त्यासाठी वेळ किती मिळतो? सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. टेबल सोडताना शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २.३ मीटरवर आहे, तेथून तो अर्धा मीटर वर चढून २.८ मीटरवर जातो आणि पाय गादीला लागतात तेव्हा ०.८ मीटरवर असतो. शाळेतल्या गतिविषयक समीकरणांनी अर्धा मीटर चढायला ०.३२ सेकंद आणि दोन मीटर पडायला ०.६४ सेकंद येतात. बेरीज ०.९६ सेकंद. एका सेकंदाहून कमी वेळात अडीच फेऱ्या, म्हणजे मिनिटाला दीडशेहून अधिक फेऱ्यांचा वेग. शिवाय अंग आवळायला आणि उतरण्यापूर्वी उलगडायला वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे मधल्या काळात वेग याहूनही जास्त ठेवावा लागतो.

आणखी एक अडचण आहे. मागच्या दिशेने कोलांटी घेताना उतरण्यापूर्वी जमीन डोळ्यांना दिसू लागते. पुढच्या दिशेच्या कोलांटीत ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अंग कधी उलगडायचे हे मग डोळ्यांनी न ठरवता इतर इंद्रियांनी ठरवावे लागते. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव गिरकीची बातमी देतो, स्नायू आणि सांध्यांमधले संवेदी चेतातंतू हातपाय कोठे आहेत ते सांगतात, आणि मेंदू हे सगळे जुळवून 'आता' असा हुकूम देतो. हा हुकूम विचार करून देता येत नाही, तेवढा वेळच नसतो. हजारो वेळा केलेल्या सरावातून तो आपोआप यावा लागतो.

आपोआप येणारी ही जाण कधी कधी दगाही देते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला हवेत आपण कोठे आहोत हेच कळेनासे झाले. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. अनेकांनी तिला कच्च्या मनाची ठरवले. पण आपण वर पाहिलेला हिशोब लक्षात घेतला तर तिचा निर्णय किती शहाणपणाचा होता ते पटेल.

उतरण्याचे गणित

रिओमध्ये दीपाने प्रोदुनोवा केली तेव्हा दोन कोलांट्या पूर्ण झाल्या, पाय आधी गादीला लागले, पण गुडघे इतके वाकले की ती जवळजवळ उकिडवीच बसली. मग तशीच उठून उभी राहिली. ज्यांनी ते पाहिले त्यांना वाटले, थोडक्यात गेले. उतरण्याचेही एक गणित आहे, ते पाहू.

दोन मीटर पडल्यानंतर शरीराचा वेग सेकंदाला ६.२६ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर आणायचा आहे. किती अंतरात आणायचा यावर सगळे अवलंबून आहे. ऊर्जेच्या हिशोबाने सरासरी बल हे वजनाच्या (१ + पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर) इतक्या पट येते. गुडघे वाकणे आणि गादी दबणे मिळून गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर खाली जाऊन थांबला, तर बल वजनाच्या ११ पट. ४५ किलोच्या मुलीच्या पायांवर जवळजवळ अर्ध्या टनाचा भार. तेच अंतर ४० सेंटिमीटर झाले तर ६ पट. आणि ताठ पायांनी कठीण जमिनीवर, फक्त २ सेंटिमीटरमध्ये थांबायचे ठरवले तर १०१ पट. एवढा भार हाडे सोसणार नाहीत. ही झाली सरासरी, काही क्षणांपुरते बल याहूनही जास्त असते.

विद्यार्थ्यांना हे पटवून देण्यासाठी पाण्याने भरलेले दोन फुगे घ्या. एक डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडा. दुसरा तेवढ्याच उंचीवरून, चौघांनी चारी कोपरे धरलेल्या सैलसर चादरीवर सोडा. उंची तीच, वेग तोच. फुटतो तो फक्त फरशीवरचा.

म्हणजे ज्या खोल वाकण्यामुळे दीपाचे गुण कापले गेले, त्याच वाकण्याने तिच्या गुडघ्यांवरचा धक्का कमी केला. परीक्षकांच्या नियमांना ताठ, स्थिर उतरणे सुंदर वाटते. शरीराला ते महाग पडते. त्याच अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिना हिनेही प्रोदुनोवा केली. तिच्याजवळ उतरतानाही गिरकी शिल्लक राहिली आणि गादीवर पाय टेकल्यावर ती पुढे कोलमडून आणखी एक कोलांटी घेऊन गेली. हवेत घेतलेला संवेग जमिनीवर असा वसूल होतो.

आता गुणांकडे पाहू. दीपाच्या प्रोदुनोवाची काठिण्यपातळी ७.० होती आणि सफाईचे गुण १० पैकी ८.२६६, एकूण १५.२६६. पहिल्या उडीचे एकूण १४.८६६. यांची सरासरी १५.०६६. सरासरीतला ०.१५ चा फरक म्हणजे एका उडीतले ०.३ गुण. परीक्षकांच्या कोष्टकात मध्यम प्रकारच्या एका चुकीला एवढेच गुण कापले जातात.

ज्या उडीत मान किंवा पाठ कायमची जायबंदी होण्याचा धोका आहे तिला सर्वांत जास्त काठिण्यगुण असतील, तर मागे असलेला खेळाडू तीच निवडणार. २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत प्रोदुनोवाची काठिण्यपातळी ७.० वरून ६.४ वर आणली गेली. गुरुत्वाकर्षण होते तेवढेच राहिले, बदलला तो माणसांनी ठरवलेला भाव.

लहान चणीचा फायदा

आता शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाकडे वळू. मुलीची उंची वाढली की उड्या का चुकतात?

समजा, एका मुलीची उंची १४० सेंटिमीटरवरून १५४ झाली, म्हणजे दहा टक्के वाढली, आणि अंगाची ठेवण तशीच राहिली. लांबी १.१ पट झाली की स्नायूचा आडवा छेद १.१ च्या वर्गाने, म्हणजे १.२१ पट होतो. स्नायूची ताकद साधारणपणे या छेदावर ठरते. वजन मात्र घनाने वाढते, म्हणजे १.३३ पट. आणि जडत्व आघूर्ण? ते वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग असे असते. म्हणजे तीन आणि दोन मिळून पाचवा घात, १.६१ पट.

दहा टक्के उंची वाढली आणि शरीर फिरवणे एकसष्ट टक्क्यांनी अवघड झाले. ताकद मात्र वाढली एकवीस टक्केच. सिमोन बाइल्सची उंची १४२ सेंटिमीटर आहे आणि दीपाही दीड मीटरच्या आसपासची आहे, यात नवल नाही. आणि बाईंच्या वर्गातल्या मुलीच्या उड्या चुकत होत्या यातही नवल नाही. तिच्या मेंदूत साठवलेला 'आता' हा हुकूम जुन्या शरीरासाठी होता. नवे शरीर तितक्या वेळात फिरत नव्हते.

यावरून 'आता वय गेले' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. जगाने तो काढलाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीची आग्नेश केलेती ३५ व्या वर्षी चार सुवर्णपदके जिंकू शकली होती. वीस वर्षांनी माँट्रियलमध्ये रोमानियाची नादिया कोमानेची १४ व्या वर्षी विजेती झाली. कोलांट्यांची संख्या वाढत गेली तशी लहान चणीला किंमत आली आणि मग चण लहान ठेवण्याचे प्रयत्न सुरू झाले. वाढत्या मुलींना अर्धपोटी ठेवणे हा त्यांतला सर्वांत वाईट प्रकार. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर काटकसर करू लागते. पाळी सुरू व्हायला उशीर होतो किंवा आलेली बंद होते, संप्रेरकांचे प्रमाण घटते आणि हाडांत कॅल्शियम भरण्याचे काम मंदावते. हाडांची आयुष्यभराची पुंजी मोठ्या प्रमाणात जमते ती किशोरवयातच. त्या वयात झालेली तूट पुढे पूर्ण भरून निघत नाही, आणि वजनाच्या अकरा पट भार तर याच हाडांवर येणार असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय १९८१ मध्ये १४ वरून १५ आणि १९९७ मध्ये १६ केले, त्यामागे मुलींच्या आरोग्याची काळजी हे एक कारण होते.

आता वरच्या गणितात आपण काय गृहीत धरले होते ते आठवा. अंगाची ठेवण तशीच राहिली, असे. प्रत्यक्षात ती तशी राहत नाही. उंचीची झपाट्याने वाढ दोन-तीन वर्षांत मंदावते. त्यानंतर योग्य आहार आणि व्यायाम मिळाला तर स्नायूंची ताकद पुढे कित्येक वर्षे वाढू शकते. ताकद वाढली की धाव वेगवान होते, टेबलावरचा रेटा वाढतो, हवेत वेळ जास्त मिळतो. मेंदूतला हुकूमही नव्या शरीराप्रमाणे पुन्हा बसवता येतो. त्यासाठी मात्र सोप्या उड्यांकडे परत जावे लागते आणि थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

याची साक्ष रिओतल्या त्याच अंतिम फेरीत होती. गादीवर कोलमडलेली चुसोवितिना त्या दिवशी ४१ वर्षांची होती. १९९२ पासून टोकियोपर्यंत ती आठ ऑलिंपिक खेळली. बीजिंगमध्ये २००८ साली व्हॉल्टचे रौप्यपदक तिने जर्मनीकडून मिळवले तेव्हा ती ३३ वर्षांची होती. टोकियोत माघार घेतलेली बाइल्स २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये परतली आणि २७ व्या वर्षी सर्वंकष स्पर्धेचे सुवर्ण जिंकली. अशा खेळाडू थोड्याच असतील. पण बारा-तेराव्या वर्षी वय जाते हा निसर्गनियम असता, तर अशी एकही खेळाडू दिसली नसती.

सपाट पायांची मुलगी

दीपाच्या बाबतीत अडचण उंचीची नव्हती, तळपायांची होती. तिचे तळपाय सपाट होते. तळपायाची कमान धावताना आणि उडी मारताना स्प्रिंगसारखी दबते, थोडी ऊर्जा साठवते आणि परत देते. उतरताना धक्क्याचा काही भागही सोसते. लहानपणी सगळ्यांचेच पाय सपाट असतात. बहुतेकांत कमान पुढे तयार होते, काहींत होत नाही. तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी तिच्या पायांसाठी खास व्यायाम करून घेतले. आगरतळ्यात साधनांचीही वानवा होती. सुरुवातीच्या काळात जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून केलेल्या साधनावर आणि एकावर एक रचलेल्या गाद्यांवर सराव केल्याची हकिगत वृत्तपत्रांतून आलेली आहे. स्कूटरचे धक्काशोषक आणि गाद्यांचा ढीग यांच्यामागचे तत्त्व आपण वर पाहिलेच आहे. ते कळलेल्या माणसाला ते अडगळीतूनही वापरता येते. पण देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला त्यावर विसंबावे लागू नये, हेही तितकेच खरे.

२०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने व्हॉल्टचे कांस्यपदक मिळवले. २०१५ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत व्हॉल्टमध्ये पाचवी. मग रिओ.

गुडघ्याची वसुली

रिओनंतर वर्ष उलटायच्या आत, २०१७ मध्ये, सरावात तिच्या गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध, ज्याला क्रीडावैद्यकात एसीएल म्हणतात, दुखावला आणि मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत जोडणारी ही बोटभर जाडीची पट्टी नडगीला पुढे सरकण्यापासून आणि पिळवटण्यापासून रोखते. पाय टेकताना गुडघा आत वळला किंवा पिरगळला की ती तुटू शकते. उड्या आणि वळणे असलेल्या खेळांत मुलींमध्ये ही इजा मुलांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक प्रमाणात आढळते.

या अस्थिबंधाला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने तो पूर्ण तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. रुग्णाच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून त्या जागी बसवतात. हा नवा बंध आधी काही महिने कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू बळकट होतो. म्हणून बरे वाटू लागले तरी मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. घाई केली की पुन्हा तुटतो.

दीपा जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या मेर्सिन शहरात जागतिक चॅलेंज चषकाच्या व्हॉल्टमध्ये सुवर्णपदक घेऊन परतली. पण गुडघ्याने पुढेही त्रास दिला आणि टोकियोचे ऑलिंपिक हुकले. त्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायजेनामाइन हा निषिद्ध पदार्थ सापडला आणि तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ती जुलै २०२३ मध्ये संपली. तो आपल्या शरीरात नकळत गेला, असे दीपाने सांगितले. हायजेनामाइन काही वनस्पतींत नैसर्गिकरीत्या असते आणि काही अन्नपूरकांतही आढळते. नियम मात्र हेतू विचारण्याआधी नमुना पाहतो. डब्यावर 'नैसर्गिक' लिहिले आहे एवढ्यावरून ताकदीची पूड किंवा गोळी घेऊ नये, हे शाळेतल्या खेळाडूंनाही सांगून ठेवायला हवे.

येथे कारकीर्द संपली असती तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण मे २०२४ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत दीपाने व्हॉल्टमध्ये १३.५६६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. आशियाई विजेती ठरलेली ती पहिली भारतीय जिमनॅस्ट. वय तीस. रिओतल्या गुणांपेक्षा हे दीड गुणांनी कमी आहेत. उड्या सोप्या होत्या. दुखावलेल्या गुडघ्याला झेपेल तेवढेच मागायचे आणि ते सफाईने करायचे, एवढे पुरेसे ठरले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला तिने निवृत्ती जाहीर केली. पहिल्या धड्यापासून पंचवीस वर्षे झाली होती.

आधी उतरायला शिकवा

त्या शिक्षिकाबाईंना आम्ही तेव्हा दिलेले उत्तर तुटक होते. आज ते असे देऊ. मुलीची उडी चुकते आहे ती तिचे वय गेले म्हणून नव्हे, तिचे जडत्व आघूर्ण वाढले म्हणून. तिला दोन वर्षे द्या. अवघड उड्या बाजूला ठेवून सोप्या उड्या नव्या शरीराने पुन्हा शिकू द्या. पोटभर जेवू द्या, आणि वजनावरून कोणी टोमणे मारत असेल तर मध्ये पडा. पाळी बंद झाली, किंवा मनगट, पाठ, गुडघा सतत दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवा, 'खेळात एवढे चालायचेच' म्हणू नका. आणि उडी घ्यायला उभी राहिलेली मुलगी ऐनवेळी "आज नको" म्हणाली तर तिचे ऐका. हवेत गेल्यावर तिला ते म्हणता येणार नाही.

शारीरिक शिक्षणाच्या तासाला एक गोष्ट आजपासूनही करता येईल. उंच उडी असो, मल्लखांबावरून उतरणे असो की साधी बाकावरून मारलेली उडी, मुलांना आधी उतरायला शिकवा: पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे पावलांच्या रेषेत, आत न वळलेले, आणि टेकताच मऊ वाकणारे. शेजारच्या विज्ञानाच्या तासाला पाण्याचे फुगे सोडा. दोन्ही तास मिळून एकच धडा होईल.

दोन मीटरवरून पडणारे शरीर रिओत असो की आपल्या शाळेच्या पटांगणात, ताशी साडेबावीस किलोमीटरनेच खाली येते. त्यात कोणालाच सूट नाही. खाली गादी किती जाड असावी, उडी कोणत्या वयात मारावी आणि तिला किती गुण द्यावेत, हे मात्र माणसेच ठरवतात. त्या माणसांत आपण शिक्षकही आहोत.